हँडल सुटलं, बोट राहिलं : कर्लिंगमध्ये पंचांनी नेमकं काय बघायचं?

तिरका दगड (धागाकर्ता)

मिलान-कोर्तिना ऑलिंपिकमध्ये एका बोटावरून पेटलेला वाद अजून धुमसतोय. चर्चा तुकड्यातुकड्यांत चालली आहे, म्हणून फक्त नियम आणि पंचगिरी एवढ्यासाठी हा धागा. कोणता खेळाडू सज्जन आणि कोणता लबाड, हे कृपया इथे नको.

ज्यांनी सामने पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्लिंगमध्ये हँडल लावलेला ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सरकवत पलीकडच्या वर्तुळात, म्हणजे हाऊसमध्ये, थांबवायचा असतो; मध्याच्या जास्त जवळ दगड ज्याचे त्याला गुण. १३ फेब्रुवारी २०२६, पुरुषांचा साखळी सामना, कॅनडा विरुद्ध स्वीडन. स्वीडनच्या ऑस्कर एरिक्सनचा आक्षेप असा की कॅनडाचा मार्क केनेडी दगड सोडल्यावर त्याला पुन्हा बोट लावतो. केनेडीने भर सामन्यात शिवी हासडून उत्तर दिलं. सामना कॅनडाने ८-६ असा जिंकला. वर्ल्ड कर्लिंगने (या खेळाची जागतिक संघटना) केनेडीला तोंडी ताकीद दिली ती भाषेबद्दल. बोटाबद्दल निकाल लागला नाही, लागणारही नव्हता, कारण नंतर चित्रण बघून पंचांचा निर्णय फिरवायची या खेळात सोयच नाही. दुसऱ्या दिवशी दोन पंच सामन्यांमधून फिरत दगड सोडण्यावर नजर ठेवू लागले आणि त्याच दिवशी स्वित्झर्लंडविरुद्ध कॅनडाच्या महिला संघाच्या रेचल होमनचा दगड बाद झाला. १५ तारखेला जर्मनीविरुद्ध ब्रिटनच्या बॉबी लॅमीचा. मग संघांची कुरबुर वाढली आणि धोरण परत बदललं : संघाने मागणी केली तरच पंच उभे राहतील, आणि उभे राहिले तर किमान तीन एंड (सामन्याच्या फेऱ्या).

म्हणजे नियम एकच, पण तीन दिवसांत त्याच्या अंमलबजावणीच्या तीन तऱ्हा. माझा खरा राग यावर आहे.

नियम काय म्हणतो ते स्पष्ट आहे. दगड हँडल धरूनच सोडायचा. सोडणाऱ्या बाजूच्या हॉग लाइनला (बर्फातली आडवी रेषा; अशीच एक पलीकडच्या बाजूलाही असते) दगड पोचण्याआधी हात सुटलेला असला पाहिजे. त्या रेषेच्या अलीकडे हँडलला पुन्हा हात लावला तर चालतं, हवा तितक्या वेळा. दगड पुढे जात असताना ग्रॅनाइटला मात्र कधीच हात लावायचा नाही. लावला की दगड बाद. रेषेच्या पलीकडे, समोरच्या हॉग लाइनपर्यंत, तर हँडल असो वा ग्रॅनाइट, आपल्याच संघाचा स्पर्श झाला की दगड ताबडतोब उचलायचा.

आता यातलं यंत्राला काय दिसतं? हँडलच्या आतल्या संवेदकाला उघड्या हाताचा स्पर्श कळतो आणि हॉग लाइनखाली बर्फात चुंबकीय पट्टी असते. पट्टीवर येण्याआधी हात सुटला असेल तर हिरवा दिवा, नाही तर लाल. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकपासून हे आपण बघतोय. यंत्र हँडल बघतं, ग्रॅनाइट नाही. हिरवा दिवा लागलेला असतानाही तर्जनी दगडाच्या पाठीला टेकलेली असू शकते.

पूर्वी हॉग लाइनवर माणूस बसायचा आणि तो हात बघायचा. यंत्र आलं आणि माणूस उठला, त्याबरोबर ग्रॅनाइटकडे बघणारी नजरही गेली. ज्या नियमाला कोणी बघणारा नाही तो नियम खेळाडूच्या सचोटीवर सोडलेला असतो. कर्लिंगची ती परंपराच आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण मग ती शेवटपर्यंत पाळा. स्पर्धेच्या मध्यात अचानक पंच उभे करायचे, चारपैकी एखाद्या शीटवर (खेळाच्या बर्फाच्या पट्टीवर) काही दगडांपुरते, म्हणजे ज्याच्या नशिबी तो पंच आला त्याचाच दगड जाणार. होमनच्या दगडाचं तेच झालं.

माझं मत असं : एक तर प्रत्येक शीटवर, प्रत्येक दगडासाठी, पहिल्या सामन्यापासून नजर ठेवा. नाही तर ठेवू नका. तुमचं काय म्हणणं?

---

हिमरेषा

सहमत, आणि एक तांत्रिक मुद्दा जोडते. फिरते पंच उभे कुठे होते हे बघा. बोट हॉग लाइनच्या अलीकडे होतं की पलीकडे हे ठरवायचं तर डोळा बरोबर रेषेच्या सरळीत हवा. चार शीट शेजारी शेजारी असतात. कडेच्या दोन शीटचं ठीक आहे. मधल्या दोन शीटवर रेषेच्या सरळीत उभं राहायचं तर पंच शेजारच्या शीटवर जाणार, तिथे दुसऱ्यांचा खेळ चालू! मागून बघितलं तर स्पर्श कदाचित दिसेल, रेषा दिसणार नाही. समोरून बघितलं तर दगडच आड येतो.

ग्रॅनाइटच्या स्पर्शाला रेषेचा प्रश्न येत नाही हे खरं, तो कुठेही बादच. पण बोट हँडलच्या बुडाला आहे की दगडाच्या माथ्याला, हे खेळाडूचं शरीर पसरलेलं असताना मागून ओळखणं फार कठीण. हँडल दगडाच्या वर वाकून येतं, त्याचं मागचं टोक आणि ग्रॅनाइट यांत बोटभरच फट असते.

---

गोठणबिंदू

मला एक मूलभूत शंका आहे. एकोणीस-वीस किलोचा दगड, त्याला एका बोटाने टेकल्याने होणार काय आहे? खेळाडूला फायदाच नसेल तर एवढा गदारोळ कशासाठी? केनेडी दोन दशकं उच्च पातळीवर खेळतोय, त्याला असल्या बोटाची गरज आहे असं मला तरी वाटत नाही.

---

बर्फावरचं गणित

गोठणबिंदू, प्रश्न रास्त आहे. आकडे मांडून बघू या.

हॉग लाइनपासून पलीकडच्या हाऊसच्या मध्यापर्यंत साधारण २८.३ मीटर. हाऊसमध्ये थांबणाऱ्या ड्रॉ दगडाला एवढं अंतर कापायला चांगल्या बर्फावर अंदाजे २४-२५ सेकंद लागतात. वेग एकसारखा कमी होत जातो असं धरलं तर हॉग लाइनवर वेग येतो सेकंदाला सुमारे २.३ मीटर आणि दर सेकंदाला तो ९ सेंटिमीटरच्या आसपास घटतो.

आता बोटाने दगडाला दोन न्यूटन जोर दिला असं समजा. म्हणजे दोनशे ग्रॅमची वस्तू तोलून धरायला लागेल तेवढाच. आणि तो दिला फक्त सेकंदाचा दहावा भाग. १९ किलोच्या दगडाचा वेग सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटरने वाढेल. नगण्य वाटतं ना? पण मुळात वेगच २.३ मीटर असल्यामुळे एवढ्या फरकाने दगड जवळपास २५ सेंटिमीटर पुढे जाऊन थांबतो. दगडाचा व्यास २९ सेंटिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे जवळजवळ एक दगडभर फरक. या पातळीवर एंड याहून कमी अंतराने जिंकले-हरले जातात.

यात वास्तवाच्या बऱ्याच गोष्टी सोडल्या आहेत. झाडू मारणारे (दगडापुढचा बर्फ घासणारे) आहेत, बर्फावरचे पेबल (शिंपडून गोठवलेले थेंब) आहेत, दगडाची फिरकी आहे. पण ‘एका बोटाने काय होतंय’ हा युक्तिवाद टिकत नाही एवढं नक्की. बोट मधोमध न लागता एका कडेला लागलं तर फिरकीही बदलेल, ते वेगळंच.

---

मधला गार्ड

गणित आवडलं. पण त्यातून निघणारा अर्थ जरा वेगळा आहे. हॉग लाइनच्या अलीकडे खेळाडू हँडलवरून कायदेशीरपणे हवा तेवढा जोर देऊ शकतो. म्हणजे रेषेच्या अलीकडे ग्रॅनाइटला बोट लावून त्याला असं काहीच मिळत नाही जे हँडल धरून मिळालं नसतं. तिथे ती सवय असते, हात पुढे ताणून ठेवण्याची लकब. रेषेच्या पलीकडे मात्र तोच स्पर्श सरळसरळ गैरफायदा आहे. नियमाने दोन्हीला एकच शिक्षा ठेवली आहे आणि वाद चिघळायला तेच कारण झालं. एक बाजू म्हणते ‘फसवणूक’, दुसरी म्हणते ‘सवय’, आणि दोघंही वेगवेगळ्या क्षणाबद्दल बोलत असतात.

आता होमनबद्दल. २०१८ चं प्याँगचांग आठवा. डेन्मार्कविरुद्धच्या सामन्यात डेन्मार्कच्या चालत्या दगडाला झाडू मारताना त्यांच्याच खेळाडूचा स्पर्श झाला, पलीकडच्या हॉग लाइनच्या आत. त्यांनी स्वतःहून सांगितलं. अशा वेळी नियम समोरच्या संघाला तीन पर्याय देतो : दगड काढा आणि हललेले दगड जागेवर ठेवा; सगळं आहे तसं राहू द्या; किंवा स्पर्श झाला नसता तर दगड कुठे थांबले असते ते वाजवी अंदाजाने ठरवून तिथे मांडा. होमनने दगड काढला. नियमात शंभर टक्के बसणारी गोष्ट, तरी टीका किती झाली! ‘आम्ही असतो तर राहू दिला असता’ म्हणणारे पुष्कळ निघाले. शेवटी डेन्मार्क जादा एंडमध्ये ९-८ जिंकलं.

आठ वर्षांनी त्याच खेळाडूचा दगड पंचाने नियमावर बोट ठेवून काढला. आता सांगा, नियम अक्षरशः पाळायचा की ‘स्पिरिट’ने? दोन्ही वेळा आपण तिलाच नावं ठेवणार असू तर आपलंच काहीतरी गंडलंय.

---

जुना झाडू

मधला गार्ड, तुमच्या त्या तीन पर्यायांमधला तिसरा पर्याय हा माझ्या मते सगळ्या खेळांत एकमेव असावा. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीनंतर आपणच आपल्या हाताने त्याचा दगड तिथे ठेवायचा, जिथे तो न चुकता गेला असता! पंचाला मध्ये स्थानच नाही. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांचा समोरच्या माणसावर केवढा विश्वास असेल.

आणि पंचांनी काय ठरवावं यावर बोलतोय तर १९७२ ची गोष्ट सांगायलाच हवी. गार्मिश-पार्टेनकिर्शेन, जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना, कॅनडा विरुद्ध अमेरिका. कॅनडाचा स्किप (कर्णधार) ऑरेस्ट मेलेशक शेवटचा दगड टाकतो. बरोबरीसाठी दोन गुण हवेत. दगड लागतो, सरकतो, थांबतो. अमेरिकेच्या खेळाडूंना वाटतं एकच गुण झाला, आपण जिंकलो. त्यांचा स्किप बॉब लाबाँट आनंदाने उडी मारतो, बर्फावर पाय घसरतो आणि त्याचा पाय जाऊन कॅनडाच्या त्या दगडाला लागतो. दगड हलला. आता मोजणार काय? कॅनडाला दोन गुण मिळाले, बरोबरी झाली आणि जादा एंड कॅनडाने जिंकला, १०-९. पुढे १९८० पर्यंत कॅनडाला हे अजिंक्यपद मिळालं नाही, म्हणून ‘लाबाँटचा शाप’ असं नाव पडलं.

दोन्ही संघांचं एकमत होईपर्यंत हाऊसमधल्या दगडांना पायाचा, झाडूचा, कशाचाही स्पर्श होता कामा नये, हे आजही प्रत्येक प्रशिक्षक पहिल्या दिवशी सांगतो. त्या दगडाचं मोजमाप कधीच झालं नाही. न मोजलेल्या दगडावर जागतिक विजेता ठरला.

---

नवा स्किप

जुना झाडू, भारी किस्सा. मोजमापाचा विषय निघालाच आहे तर जाणकारांनी खुलासा करावा : एंड चालू असताना संघ पट्टी मागू शकतात का? एका सामन्यात पाचवा दगड पडल्यावर पंच येऊन सहा फुटी काठी फिरवताना पाहिला. पण नंतर सातव्या-आठव्या दगडाला दोन दगड नुसत्या डोळ्यांना सारखे वाटत होते, तरी कोणी मोजलं नाही.

---

हिमरेषा

नवा स्किप, तुम्ही पाहिलं ते बरोबरच आहे. कोणता दगड मध्याच्या जास्त जवळ आहे हे एंडचा शेवटचा दगड थांबेपर्यंत मोजायचं नाही. तोवर डोळ्यांनीच अंदाज घ्यायचा, तो कौशल्याचा भाग मानला जातो. अपवाद दोनच. एखादा दगड खेळात आहे की नाही ठरवायचं असेल तेव्हा, आणि तो फ्री गार्ड झोनमध्ये धरायचा की नाही हे ठरवायचं असेल तेव्हा. हॉग लाइन आणि टी लाइन (हाऊसच्या मध्यातून जाणारी आडवी रेषा) यांच्या मधला, पण हाऊसच्या बाहेरचा भाग म्हणजे फ्री गार्ड झोन; तिथला समोरच्यांचा दगड सहाव्या दगडाआधी खेळाबाहेर घालवायचा नाही. दगडाची कड हाऊसला चाटत असेल तर तो हाऊसमध्ये, मग त्याला संरक्षण नाही. पाचव्या दगडाच्या सुमाराला काठी निघते ती यासाठी, कारण सहाव्या दगडापासून संरक्षण उठतं.

एंड संपल्यावर मोजपट्टी लावूनही दोन विरोधी दगड तंतोतंत सारखे निघाले आणि गुणाचा निर्णय त्यांच्यावरच असेल तर एंड कोरा, म्हणजे कोणालाच गुण नाही. मध्याच्या इतके जवळ असले की पट्टी लावताच येत नाही, तर पंच डोळ्यांनी ठरवतो. तिथेही ठरलं नाही तर कोराच.

---

तिरका दगड (धागाकर्ता)

चर्चा छान चालली आहे. दोन-तीन मुद्द्यांना एकत्र उत्तर देतो.

मधला गार्ड, होमनच्या दोन प्रसंगांची तुलना मला तितकी पटत नाही. २०१८ मध्ये स्पर्श कबूल होता, प्रश्न फक्त शिक्षेचा होता. २०२६ मध्ये स्पर्श झाला का हाच प्रश्न. तो एका पंचाने, एका कोनातून, एकदाच पाहिला आणि त्यावर दाद मागायची जागा नाही. पहिल्या प्रकारात खेळाडूंवर सोपवणं योग्यच. दुसऱ्या प्रकारात पंचाच्या हातात पुराव्याचं काही साधन द्यायला हवं.

सवय विरुद्ध फसवणूक हा फरक मात्र एकदम मान्य. नियम पुन्हा लिहायचा झाला तर ‘हॉग लाइनच्या पलीकडे कोणताही स्पर्श’ आणि ‘अलीकडे ग्रॅनाइटला स्पर्श’ हे वेगळे गुन्हे करावेत. दुसऱ्याला पहिल्या वेळी ताकीद पुरे.

---

लाल दिवा

यंत्रावर तरी किती विश्वास ठेवायचा? २०१८ मध्ये ब्रिटनच्या ईव्ह म्युरहेडचा दगड स्वीडनविरुद्ध ऐन मोक्याला लाल दिव्याने बाद केला. आपला दगड असा कधीच गेलेला नाही असं तिचं म्हणणं होतं. यंत्र म्हणालं लाल, विषय संपला. कोणाचा हात खरंच राहिला होता की संवेदकाची चूक, हे आजतागायत ठरलेलं नाही, ठरणारही नाही. त्यामुळे ‘ग्रॅनाइटसाठीही संवेदक लावा’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. दगडाच्या कवचाला स्पर्श-संवेदक बसवला तर झाडूच्या टोकाने, दुसऱ्या दगडाच्या धडकेने, बर्फाच्या ओलाव्याने काय काय होईल?

---

बर्फावरचं गणित

+१. शिवाय दगडाला भोक पाडणं, काही चिकटवणं म्हणजे त्याच्या वागण्यात ढवळाढवळ. स्कॉटलंडच्या आल्सा क्रेग बेटावरचा ग्रॅनाइट मुळात निवडला जातो तोच धडक सोसण्यासाठी आणि पाणी न शोषण्यासाठी. त्याला हात लावू नये.

---

गोठणबिंदू

मग कॅमेरा का नाही? क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या पुढच्या पायाचा नो-बॉल मैदानावरच्या पंचाला दिसत नव्हता, म्हणून ते काम तिसऱ्या पंचाकडे दिलं. २०२० च्या महिला टी-ट्वेंटी विश्वचषकात प्रत्येक चेंडूवर ते झालं. रेषा आहे, रेषेपाशी पाय आहे, बघायचं आहे ते एका क्षणापुरतं. हॉग लाइनचं प्रकरण याच्यासारखंच आहे, नाही का? प्रत्येक शीटवर हॉग लाइनच्या वर एक कॅमेरा, आणि एक पंच पडद्यासमोर.

---

हिमरेषा

वरून लावलेल्या कॅमेऱ्याला रेषा दिसेल, पण बोट आणि ग्रॅनाइट यांच्यात फट आहे का ते दिसणार नाही. त्यासाठी तो बाजूने, बर्फाच्या पातळीजवळ हवा. दोन शीटच्या मधल्या पट्टीत बसवता येईल. खर्चाचा अंदाज मला नाही, पण ऑलिंपिकमध्ये प्रक्षेपणासाठी एवढे कॅमेरे लावतातच.

---

मधला गार्ड

माझा कॅमेऱ्याला विरोध आहे. तंत्र येत नाही म्हणून नव्हे. कॅमेरा आला की खेळाडू स्वतःहून सांगणं बंद करतात. आज चालत्या दगडाला झाडू लागला तर ज्याच्या हातून लागला तोच आधी हात वर करतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही हे त्याला ठाऊक असतं. वर्ल्ड कर्लिंगच्या नियमपुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की खरा कर्लर अन्यायाने जिंकण्यापेक्षा हरणं पसंत करतो. कॅमेरा लावा, आणि काही वर्षांत ‘पंचाने पकडलं नाही ना, मग झालं’ ही वृत्ती येईल. ज्या खेळांत ती आधीच आलेली आहे त्यांची नावं घ्यायची गरज नाही.

---

जुना झाडू

मधला गार्ड, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण २०१५-१६ मध्ये झाडूच्या कापडाचं प्रकरण झालं तेव्हा सचोटीने सुटलं नव्हतं. नव्या खरखरीत कापडाने झाडू मारणारे दगडाला जवळजवळ हवं तिकडे वळवू लागले. दगड टाकणाऱ्याच्या हातातलं कसब झाडूवाल्याच्या हातात गेलं. बऱ्याच अव्वल संघांनी आपसात ठरवून ते कापड न वापरण्याचं पत्रक काढलं, तरी भागलं नाही. शेवटी मे २०१६ मध्ये कॅनडात केम्प्टव्हिलला खेळाडू आणि संशोधक एकत्र बसले, चाचण्या झाल्या आणि सगळ्यांना एकच प्रमाणित कापड सक्तीचं झालं. त्या कापडाचा वाद तिथे मिटला. मोजता येईल अशी गोष्ट मोजून ठरवली की सचोटीवरचा भार कमी होतो, आणि जे मोजता येत नाही तिथे ती शिल्लक राहते.

---

हॅमर आपला

थोडं अवांतर, पण पंचगिरीशीच संबंधित. नो-टिक नियमाबद्दल कोणी बोलत नाहीये. मध्यरेषेला चाटणारा प्रतिस्पर्ध्याचा गार्ड (हाऊससमोर आडोशाला ठेवलेला दगड) सहाव्या दगडाच्या आधी रेषेवरून सरकवायचा नाही. नियम आला त्यामागचं कारण पटतं. आघाडीवर असलेल्या आणि हॅमर (एंडचा शेवटचा दगड) हाती असलेल्या संघाचा पहिला खेळाडू समोरच्यांचा मधला गार्ड अलगद कडेला सरकवायचा, दगड खेळातच राहायचा म्हणून नियमभंग नाही, आणि शेवटचा एंड तिथेच संपायचा. पिछाडीवरच्या संघाला परत येण्याची वाटच बंद.

पण गार्ड रेषेला चाटतोय की नाही हे ठरवायचं कसं? रेषा बर्फाच्या खाली, दगडाची कड बर्फापासून वर, तिरकं बघितलं की उत्तर बदलतं. मी पाहिलेल्या एका सामन्यात दोन्ही बाजूंचे व्हाइस-स्किप (उपकर्णधार) त्या एका दगडावर ओणवे होऊन बराच वेळ बघत होते, मग पंच आला, त्याने झटक्यात मान हलवली आणि गेला. सगळा एंड त्या मान हलवण्यावर.

---

तिरका दगड (धागाकर्ता)

हॅमर आपला, अवांतर अजिबात नाही. तिथेही गंमत अशी की उल्लंघन झालं तर समोरच्या संघाला पर्याय आहे : टाकलेला दगड काढून सगळं पूर्ववत करा किंवा जसं झालंय तसं राहू द्या. नेहमीच्या फ्री गार्ड झोनच्या उल्लंघनात, म्हणजे पाच दगडांच्या आत गार्ड खेळाबाहेर घालवला तर, असा पर्याय नाही. टाकलेला दगड जातो, हललेले परत येतात. एकाच भागाचे दोन नियम, एकात निवड आणि दुसऱ्यात सक्ती. प्रेक्षकाला हे सामना बघताना कळणं अवघड आहे. पाच दगडांचा नियम २०१८-१९ च्या हंगामात आला तेव्हा तरी सगळं एका वाक्यात सांगता यायचं.

---

नवा स्किप

आणखी एक शंका. खेळताना दगड फुटला तर? मी कुठेतरी वाचलं की सर्वांत मोठा तुकडा जिथे थांबेल तिथे दगड धरतात.

---

जुना झाडू

ते जुनं झालं. आता दोन्ही संघांनी खेळाच्या भावनेला धरून दगड कुठे ठेवायचे ते आपसात ठरवायचं. एकमत झालं नाही तर एंड पुन्हा. दगड उलटला किंवा आडवा होऊन थांबला तर मात्र सरळ बाहेर. सोडताना हँडल दगडापासून पूर्ण निघून आलं तर खेळाडूला तो दगड परत टाकता येतो.

---

लाल दिवा

मूळ मुद्द्यावर परत येतो. ‘संघाने मागणी केली तर पंच’ या शेवटच्या धोरणात मला सर्वांत मोठा धोका दिसतो आणि त्यावर इथे कोणीच बोललेलं नाही. समजा आठवा एंड, समोरचा संघ दोन गुणांनी पुढे. माझा स्किप पंचाला बोलावतो आणि म्हणतो, यांच्या तिसऱ्या खेळाडूच्या हातावर लक्ष ठेवा. त्या खेळाडूने काही केलेलं नसेलही. पण पुढचे तीन एंड तो हॅकमध्ये (दगड टाकताना पाय रोवायची जागा) बसेल तेव्हा दगडाच्या मार्गाऐवजी स्वतःच्या बोटांचा विचार करत बसेल. एवढ्याने ड्रॉ दोन फूट आखूड पडतो. मागणी करणाऱ्याला काही गमवावंही लागत नाही. टाइम-आउट तरी सामन्यात एकच मिळतो आणि विचार करायला दिलेली ३८ मिनिटं संपत असतात, ही मागणी मात्र फुकट.

प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करू नये असं तेच नियमपुस्तक सांगतं. ही तर विचलित करण्याची अधिकृत सोय झाली.

---

मधला गार्ड

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता आणि तो बिनतोड आहे. मग मागणी सामना सुरू होण्याआधीच करावी लागेल अशी अट घाला. हॅमर कोणाचा हे ठरवायला सरावानंतर दोन्ही संघ मध्यावर दोन-दोन दगड टाकतात, पंच तिथे मोजायला हजर असतातच. तेव्हाच सांगायचं : आज पंच हवेत की नकोत. एकदा हो म्हटलं की दोन्ही संघांच्या प्रत्येक दगडावर, पहिल्या एंडपासून शेवटपर्यंत. मागणी करणाऱ्याच्या बोटांवरही तितकीच नजर.

---

हिमरेषा

हे चालेल. फक्त चार शीटवर चारही सामन्यांनी हो म्हटलं तर प्रत्येक शीटला स्वतंत्र पंच लागेल आणि तो मधल्या शीटवर उभा कुठे राहणार हा माझा पहिला प्रश्न तसाच आहे. बाजूच्या पट्टीत बर्फाच्या पातळीवर कॅमेरा ठेवा, त्याचं चित्र फक्त त्या शीटच्या पंचाला दिसू द्या. दगड पलीकडच्या हॉग लाइनला पोचण्याआधी निर्णय द्यायचा, नाही तर दगड वैध. ड्रॉ दगडाला दोन हॉग लाइनमधलं अंतर कापायला चौदाएक सेकंद लागतात. बोट पाहिलेल्या माणसाला तेवढा वेळ पुरेसा आहे, आणि तेवढ्यात ज्याला ठरवता आलं नाही त्याने दगडाला हात लावू नये.